विजोड भागांची जुळवाजुळव : जुन्या पिकअपचा जीर्णोद्धार

मोटारगाड्यांच्या जीर्णोद्धारात पिकअपचे स्थान थोडे वेगळे आहे. जुनी सलून मोटार बहुधा हौसेने जपलेली असते. पिकअप मात्र राबलेला असतो. शेतमाल, लाकूड, सिमेंट वाहता वाहता एखादा भाग निकामी झाला, की मालक भंगारातून जो भाग बसेल तो बसवीत असे. साहजिकच साठ-सत्तर वर्षांनी असे वाहन हाती येते तेव्हा ते क्वचितच एका सालाचे असते. केबिन एका वर्षाची, दरवाजा दुसऱ्या, इंजिन तिसऱ्या आणि मागचा आस चौथ्याच गाडीचा. या विजोड संसारातून सुरक्षित आणि प्रामाणिक वाहन कसे उभे करावे, हा या क्षेत्रातील कळीचा प्रश्न आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे शेव्हर्ले कंपनीची ‘अॅडव्हान्स डिझाइन’ या नावाने ओळखली जाणारी पिकअपची मालिका. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या उन्हाळ्यात ती अमेरिकेत बाजारात आली आणि १९५५ च्या पूर्वार्धापर्यंत तिचे उत्पादन चालले. आपल्याकडेही शेव्हर्ले हे नाव परके नव्हते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला होता व तो १९५४ पर्यंत चालू होता.

ओळख पटवणे

बाह्यरूप फारसे न बदलल्यामुळे या मालिकेतील सर्व गाड्या प्रथमदर्शनी सारख्याच वाटतात. परंतु बारकाईने पाहिल्यास प्रत्येक सालाच्या खुणा सापडतात. इंधनाची टाकी १९४९ पासून केबिनमध्ये, आसनाच्या मागे आली. दरवाजाच्या काचेपुढची वाऱ्याची तिकोनी खिडकी १९५१ मध्ये, तर दाबून उघडण्याची मूठ १९५२ मध्ये आली. पुढची पाच आडव्या पट्ट्यांची जाळी १९५३ पर्यंत टिकली. १९५४ मध्ये नवी, जाड जाळी आणि एकसंध पुढची काच आली. जाळीत १९५४ चा थाट, पण काच मध्यभागी दुभागलेली असेल, तर गाडीत सरमिसळ झाली आहे, हे निश्चित समजावे. जीएमसीच्या पिकअपची केबिनही मूलतः हीच असल्याने तिचे दरवाजे व पत्रे शेव्हर्लेवर सर्रास आढळतात.

म्हणून पाना हाती घेण्याआधी वही हाती घ्यावी. चॅसिसचा क्रमांक, इंजिनावर ठोकलेला क्रमांक व ओतकामातील आकडे, तसेच प्रत्येक मोठ्या भागाचे साल यांची नोंद करावी आणि खोलण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. विजोड भाग असणे हा दोष नव्हे. तो विजोड आहे हे ठाऊक नसणे, हा खरा धोका.

सारखी दिसणारी इंजिने

हा धोका सर्वांत ठळकपणे इंजिनात दिसतो. या पिकअपला १९५३ पर्यंत २१६ घनइंचाचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन असे. त्यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना दाबाने तेल मिळत नाही. रॉडच्या खालच्या टोकाला असलेला लहानसा चमचा प्रत्येक फेऱ्यात तेल घेतो आणि ते बेअरिंगपर्यंत पोहोचते. बेअरिंगही सुटे बसवायचे नसून रॉडमध्येच ओतलेल्या मऊ मिश्रधातूचे असते. खेड्यातील रस्त्यावरच्या मंद गतीला ही रचना पुरेशी होती. आजच्या महामार्गावर तासन् तास वेगाने पळवल्यास मात्र बेअरिंग वितळण्याची भीती असते.

यामुळेच अनेक जण २३५ घनइंचाचे इंजिन बसवतात. पिकअपमध्ये ते १९५४ पासून आले आणि त्यात रॉडच्या बेअरिंगनाही दाबाने तेल मिळते. बाहेरून दोन्ही इंजिने भावंडांसारखी दिसतात. पण याच आकाराची त्याआधीची इंजिने जुन्या तेलपद्धतीचीही होती. तेव्हा नुसता ‘२३५’ हा आकडा पाहून समाधान मानू नये, इंजिनाचे सालही तपासावे.

इंजिन बदलले की त्यामागे बदलांची साखळीच सुरू होते. उत्तरकाळातील इंजिनांवर पाण्याच्या पंपाची बसण्याची जागा वेगळी आहे. त्यामुळे पंखा आणि रेडिएटर यांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. जुने तेलदाबमापक कमी दाबासाठी बनवलेले असल्याने नव्या इंजिनावर त्याचा काटा शेवटच्या टोकालाच जाऊन थांबतो. सहा व्होल्टच्या काळातील फ्लायव्हीलला १३९, तर बारा व्होल्टच्या काळातील फ्लायव्हीलला १६८ दात असतात. स्टार्टर व फ्लायव्हील एकमेकांना साजेसे नसतील, तर किल्ली फिरवताच दातांचा चुरा होतो.

सहा की बारा व्होल्ट?

१९५५ च्या पूर्वार्धापर्यंतच्या या गाड्यांची विद्युतव्यवस्था सहा व्होल्टची आहे. तेवढ्याच शक्तीसाठी सहा व्होल्टला दुप्पट विद्युतप्रवाह लागतो, म्हणून तिच्या तारा जाड असतात. मधल्या काळात कोणी बारा व्होल्टसाठी असलेल्या बारीक तारा तेथे जोडल्या असतील, तर त्या तापतात, दिवे मंद लागतात आणि थंडीत इंजिन सुरू होत नाही. टाकी केबिनमध्ये असलेल्या गाडीत तापलेली तार म्हणजे साधी गैरसोय नव्हे. बारा व्होल्टचा निर्णय घेतल्यास बल्ब, कॉइल, हॉर्न, मापके आणि चार्जिंग या सर्वांचा विचार एकत्रितच करावा. अर्धा बदल हा दोन्ही पद्धतींपेक्षा वाईट.

गती आणि थांबा

मूळ रचनेत १९५४ पर्यंत प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत असे व मागच्या चाकांचा रेटा त्या नळीतून पुढे पोहोचत असे. १९५५ च्या पूर्वार्धातील गाड्यांत उघडा शाफ्ट आला. जास्त वेग मिळावा म्हणून अनेक जण नंतरच्या गाडीचा मागचा आस बसवतात. पण मग गिअरबॉक्सही बदलावा लागतो आणि तो सगळा रेटा पाट्यांना पेलावा लागतो, याचा हिशेब आधी करावा लागतो.

ब्रेकच्या बाबतीत तर तडजोडच नको. अर्ध्या टनाच्या पिकअपला १९५० पर्यंत ‘हक’ पद्धतीचे आणि १९५१ पासून ‘बेंडिक्स’ पद्धतीचे ब्रेक होते. दोन्हींचे अंतर्भाग परस्परांना चालत नाहीत. एकाच आसावर डावीकडे एक व उजवीकडे दुसरी पद्धत असेल, तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते. शिवाय मूळ ब्रेकची वाहिनी एकेरी आहे. एक रबरी नळी फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. जीर्णोद्धाराचे पैसे कोठे खर्चावेत असा प्रश्न पडला, तर रंगाआधी नळ्या, सिलिंडर आणि लायनर यांकडे पाहावे.

कायद्याची चौकट

भारतात या निवडींना कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील मुख्य अट. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. नूतनीकरणाला पाच हजार रुपये लागतात. अशी वाहने रोजच्या वापरासाठी वा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. याशिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करते. तेव्हा ‘सोयीचे’ इंजिन बसवण्याआधी ते कागदोपत्री बसते का, हेही पाहिले पाहिजे.

काय जपावे?

मूळ भाग मिळेपर्यंत गाडी झाकून ठेवावी, की मिळेल त्या भागांनी ती चालती करावी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये संमत केलेली ‘ट्युरिन सनद’ येथे मार्गदर्शक ठरते. वाहनावर उमटलेल्या वापराच्या खुणाही त्याच्या इतिहासाचा भाग आहेत आणि नव्याने घातलेला भाग ओळखता यावा, असा तिचा आग्रह आहे.

याचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. शेतकऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी बसवलेला वेगळ्या सालाचा दरवाजा चांगला असेल, तर तो काढून टाकण्याची घाई नको. तोही त्या गाडीच्या आयुष्याचा पुरावा आहे. सुरक्षिततेशी निगडित भाग मात्र एकाच पद्धतीचे आणि परस्परांना साजेसे हवेत. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपावा आणि केलेला प्रत्येक बदल वहीत लिहावा. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला चकचकीत रंगापेक्षा ही वहीच अधिक उपयोगी पडेल.