मामालात राज्य बदललं तेव्हा

वाकडच्या उड्डाणपुलाखाली थांबा. हिंजवडीकडे तुंबलेली सकाळची रांग, महामार्गावरचे ट्रक, टोलेजंग टॉवर, सगळं पुसून टाका. मुळा तेवढी राहू द्या. आता एकोणीसशे वर्षं मागे सरा.

तुम्ही नदीकाठच्या पायवाटेवर उभे आहात. वडापाव मागू नका. बटाटा आणि मिरची अजून समुद्रापलीकडे आहेत. समोरून बैलांचा तांडा येतोय. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल बोरघाटाने वर चढतो, त्यातलाच हा थोडा. व्यापारी तुमच्या तळहातावर चांदीचं छोटं नाणं ठेवतो. नीट बघा. नहपान या क्षत्रपाचा चेहरा आहे, कडेला ग्रीक अक्षरं आहेत, आणि त्या सगळ्यावर दणकून मारलेला कमानीदार डोंगराचा ठसा. नहपान हरला, सातवाहनांचा राजा गौतमीपुत्र सातकर्णी जिंकला. पण चांदी कोण टाकून देतो? जुन्याच नाण्यांवर नवा शिक्का. अशी हजारो नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडणार आहेत. व्यापाऱ्याला त्याचं काय! तो वजन बघतो.

वायव्येला घोरावडेश्वराचा डोंगर. तिथल्या लेण्यातल्या एका लेखात धेनुकाकटच्या एका नांगरधारी शेतकऱ्याच्या बायकोने, सियागुतनिकेने, मुलासह लेणं दान दिल्याची नोंद आहे. राजाचं नाव नाही. पुढे वलूरकाला, म्हणजे आपल्या कार्ल्याला, मात्र राजे दिसतात. नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी करजिक हे गाव दिलं होतं. सातवाहनांनी राज्य घेतलं आणि मामालच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला हुकूम सुटला: करजक गाव वलूरकाच्या भिक्षूंना दिलं आहे. गाव तेच, भिक्षू त्याच लेण्यांतले, फक्त दाता नवा!

हुकमाची खरी गंमत अटींत आहे. या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरू नये, त्रास देऊ नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. मावळात मीठ कुठलं? पण नाशिकच्या लेखातही हीच कलमं आहेत. कारकुनी साचा ठरलेला. मला तर या माफीच्या यादीतच ते राज्य सर्वांत स्पष्ट दिसतं. शिरायला मनाई करावी लागते, म्हणजे एरवी माणसं शिरत होतीच.

बांधावरच्या शेतकऱ्याला तुम्ही उत्साहाने सांगता, "दादा, क्षत्रप गेले, सातवाहन आले!"

तो औत थांबवत नाही. "येऊ द्या की," म्हणतो, "आमच्या गावाला माफी आहे का, ते सांगा."