स्पिंडल थांबावा कोठें?

१९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत, भोंकें पाडलेल्या फितीवरील आकडे वाचून धातु कापणारें मिलिंग यंत्र दाखविण्यांत आलें. कापण्याचें काम आकड्यांच्या हुकमतींत आलें खरें. पण हत्यार बदलावयास माणूसच लागे. ती उणीव मिलवॉकी येथील कर्नी अँड ट्रेकर कंपनीच्या ‘मिलवॉकी-मॅटिक’ यंत्रानें १९५८ सालीं भरून काढली. अशा यंत्रांबरोबरच, हत्यार धरून फिरणारा जो स्पिंडल, तो नेमका कोठें थांबावा, हा प्रश्न पुढें आला.

त्याचें मूळ हत्याराच्या बुडांत आहे. ड्रिलसाठीं रूढ असलेला मोर्स निमुळतेपणा फार सौम्य, सुमारें २० भाग लांबीस १ भाग. त्यामुळें बूड खोबणींत रुतून बसतें व घर्षणानेंच फिरतें. काढतांना मात्र पाचर ठोकावी लागते. मिलिंगसाठीं २४ भागांस ७ असा उतार पत्करला गेला. हें बूड चटकन् सुटतें. पण जें चटकन् सुटतें त्याच्या घर्षणावर जोरकस कापणीचा भार टाकतां येत नाहीं. म्हणून स्पिंडलच्या तोंडावर दोन चाव्या बसविल्या आणि हत्याराच्या धारकास दोन खांचा पाडल्या.

कामगार स्पिंडल हातानें किंचित् फिरवून खांच चावीसमोर आणी. त्यांत कांहीं कसब आहे असें त्यालाही वाटलें नसेल! यंत्राच्या हाताला मात्र ना डोळे, ना बोटांची जाणीव. स्पिंडल भलत्या कोनांत थांबला कीं धारकाची कड चावीवर आदळते.

जुन्या यंत्रांतून यावर यांत्रिक तोड असे: स्पिंडल मंद फिरवावयाचा व त्यावरील चकतीच्या खांचेंत खुंटी पडूं द्यावयाची. पुढें कोन मोजणारें विजेचें साधन आलें. ‘एम १९’ ही आज्ञा मिळतांच मोटरच स्पिंडलला नेमल्या कोनांत धरून ठेवूं लागली.

चाव्या समोरासमोर असल्यानें अर्ध्या फेऱ्याचा फरक चालावा, असें वाटेल. पण धारक दर वेळीं त्याच बाजूनें बसला तरच भोंकाचें माप टिकतें. शिवाय एकधारी हत्यारानें भोंक कातल्यावर, टोंक ठराविक दिशेस थांबवून, हत्यार बाजूला सरकवून मग बाहेर काढतात. नाहींतर गुळगुळीत भिंतीवर ओरखडा उठतो. पट्टा बदलल्यावर हा कोन पुन्हा जुळविला नाहीं, तर हत्यार भिंतीपासून दूर होण्याऐवजीं तिच्यांतच घुसतें, आणि तासन् तास खपून तयार केलेला भाग भंगारांत जातो.