तीन रंगांचे घर

तांबडा, पिवळा आणि निळा हे मूळ रंग, बाकीचे त्यांच्या मिश्रणातून होतात, हे आपण सर्वजणी शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकलो. शाळा सुटली तसा तो धडाही सुटला. पुढे पडदे, अभ्रे, भिंतींचे रंग निवडताना दुकानात जे डोळ्यांत भरेल ते आपण घेऊन येतो, आणि मग घरातली प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूशी भांडत बसते. म्हणूनच ह्या तीन रंगांवर आपले घर उभे करणाऱ्या एका गृहिणीची हकीकत भगिनींपुढे ठेवावीशी वाटते.

१९१७ साली हॉलंडमध्ये थिओ व्हान डूसबर्ग यांनी 'द स्टाइल', म्हणजे 'शैली', ह्या नावाचे मासिक काढले. चित्रकार पीट मॉन्ड्रियान त्या मंडळींत अग्रणी होते. वेलबुट्टी नको, नक्षी नको. सरळ रेषा, काटकोन, तीन मूळ रंग आणि जोडीला पांढरा, काळा व करडा एवढ्यावर सारे भागवावे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्याच विचाराचे खेरीट रीटफेल्ट हे उट्रेख्ट शहरातील सुतारकाम करणारे गृहस्थ. त्यांची तांबडी-निळी खुर्ची आज जगप्रसिद्ध आहे.

त्याच शहरात त्रूस श्रोडर ही वकिलाची पत्नी राहत असे. १९२३ साली तिचे पती वारले. पदरी तीन मुले, एक मुलगा आणि दोन मुली. मुलांना वेगळ्या खोल्यांत कोंडून न ठेवता आपल्याजवळ वाढवावे, मोठ्यांचे बोलणे त्यांच्या कानी पडावे, अशी तिची मनापासून इच्छा होती. १९२४ साली तिने रीटफेल्ट यांच्याबरोबर बसून नवे घर आखले. वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती केल्या. दिवसा सारा मजला एक मोकळे दालन, रात्री भिंती ओढल्या की ज्याची त्याची खोली! असला मजला बांधकामाच्या नियमांत बसेना, तेव्हा कागदोपत्री त्याला माळा म्हणून दाखवले.

रंगांची योजना तर पाहण्याजोगी आहे. तीन रंगांचे घर म्हटल्यावर ते भडक असेल असे वाटते; परंतु बाहेरच्या भिंती बहुतेक पांढऱ्या आणि करड्या आहेत. तांबडा, पिवळा, निळा कोठे एखाद्या खांबाला, कोठे एखाद्या पट्टीला. आत जमिनीवरही रंगांचे निरनिराळे भाग पाडलेले आहेत. मला वाटते, भिंती सरकवल्यावरही कोणता कोपरा कशाचा, हे त्या रंगांवरूनच उमजत असावे. रंग येथे शोभेसाठी नाही, तर कामासाठी आहे.

पुढे हे रंग अंगावरही आले. १९६५ साली पॅरिसच्या ईव्ह सां लोराँ यांनी मॉन्ड्रियानच्या चित्रांवरून लोकरी झगे काढले. पांढऱ्या पटावर काळ्या रेघा आणि रंगाचे मोजके चौकोन. थोड्याच दिवसांत त्यांच्या स्वस्त नकला बाजारात आल्या.

त्रूसबाई १९८५ साली वारल्या, तोपर्यंत साठ वर्षे त्या याच घरात राहिल्या. २००० साली युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून घोषित केले. मात्र कितीतरी वर्षे पुस्तकांतून हे घर एकट्या रीटफेल्ट यांचेच म्हणून ओळखले गेले. बाईंकडे घराची मालकीण म्हणून पाहिले गेले, रचनाकार म्हणून नव्हे. त्यांचा वाटा मान्य व्हायला फार काळ जावा लागला.

घर कसे लावावे हा बायकांचा विरंगुळा, असे आपल्याकडेही सर्रास म्हटले जाते. परंतु मुले कोठे अभ्यास करतील, म्हातारी माणसे कोठे टेकतील, उजेड कोठून येईल, ह्याचा विचार करणारी बाई घर रचीतच असते. तेव्हा भगिनींनो, पुढच्या खेपेला रंग काढाल तेव्हा एक शांत रंग भरपूर घ्या, दोन ठसठशीत रंग चिमूटभर घ्या, आणि ही योजना माझी आहे, असे मोकळेपणाने सांगा.