धूळपाटी ते आरडब्ल्यू

पांढुर्णा-सौंसर भागात 2000 ते 2010 या काळात ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या कपाटात बहुधा लग्नाची एक सीडी निघते. ती जवळजवळ नेहमी ‘आर’ जातीची, म्हणजे एकदाच लिहिता येणारी असते. त्याच दिवसांत ‘आरडब्ल्यू’ही बाजारात होती. पुसा, पुन्हा लिहा, साधारण हजार वेळा वापरा, असं तिचं वचन होतं. मग लग्न तिच्यावर का चढलं नाही? याचं उत्तर शोधायला संगणकाच्याही मागे जावं लागतं, थेट पाटीपर्यंत.

हा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. कचेरी हिंदीत आणि घर मराठीत, अशी इथली रीत आहे. म्हणून पाटीची गोष्टही मराठीच. मराठी मुलखातल्या जुन्या पंतोजींच्या शाळांत अक्षर आधी धुळीत उमटायचं. ही धूळपाटी: फळीवर धूळ पसरायची, काडीने गिरवायचं, तळहाताने सारखं करायचं. लिहिणं आणि पुसणं एकाच हाताचं काम होतं आणि पुसलेलं पुन्हा कुणालाच मिळत नसे.

भारतीय अंकगणितही या धुळीवरच वाढलं. गुणाकार करताना मधले आकडे पुसत, सरकवत पुढे जायचं. दमास्कसच्या अल-उक्लिदिसीने इसवी सन 952 च्या सुमारास भारतीय गणितावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने याच रीती शाई-कागदाला जुळतील अशा बदलल्या, म्हणजे पुसण्याची गरजच उरली नाही. मला हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो. कागदावर मधली पायरी शिल्लक राहते, आणि पायरी राहिली की चूक कुठे झाली ते मागे जाऊन पाहता येतं. पुसण्याची सोय हवी की मागचं राहण्याची खात्री, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक साधनाला सोडवावा लागला आहे.

दगडी पाटी सगळ्यांच्या ओळखीची, तिच्यावर थांबत नाही.

1898 मध्ये डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सनने पोलादी तारेवर चुंबकाने आवाज नोंदवला. तीच तार पुसून पुन्हा वापरता येई. पुढे 1963 मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. तिच्या पाठीवर दोन बारीक पाकळ्या असत. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटणच दाबलं जाईना. पुन्हा भरायची झाली तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. ही युक्ती शाळकरी पोरांनाही ठाऊक होती. टेपवरचं पुसणं मात्र खरंखुरं असे. लिहिणाऱ्या हेडच्या आधी पुसणारा हेड बसवलेला, तो जुनी नोंद मोडत जाई आणि नवी तिच्या जागी बसे. पोळ्याला म्हणायच्या झडत्या, आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुणी हौसेने टेपवर घेतल्या आणि मग त्याच कॅसेटवर सिनेमाची गाणी भरली, तर ओव्या कायमच्या गेल्या. या भागातल्या मराठीचा तो तोटा मला आजही सलतो.

फ्लॉपीने पुसण्याचा अर्थच बदलला. 1.44 एमबीच्या त्या चौकोनी तबकडीवर ‘डिलीट’ केलं की फाइल जागच्या जागी राहायची. यादीतल्या तिच्या नावाचा फक्त पहिला बाइट बदलायचा आणि तिची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जायची. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर परत मिळवता येई. धुळीत हात फिरला की अक्षर गेलं. इथे यादीत खूण झाली, अक्षर तसंच.

आरडब्ल्यूचं मूळ पदार्थविज्ञानात आहे. 1968 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्कीने दाखवून दिलं की काही काचेसारखे पदार्थ विजेच्या झटक्याने एका अवस्थेतून दुसरीत जातात आणि परतही येतात. त्याच कुळातला चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचा पातळ थर 1997 च्या सुमारास बाजारात आलेल्या सीडी-आरडब्ल्यूत बसला. लेझरचा प्रखर झोत 500 ते 700 अंशांपर्यंत तापवून थर वितळवतो. तो झटकन थंड झाला की अणू विस्कळीत राहतात आणि तिथे काळसर ठिपका होतो. हे लिहिणं. मध्यम झोताने सुमारे 200 अंशांपर्यंत तापवलं की अणू पुन्हा रांगेत बसतात. हे पुसणं. मंद झोत फक्त वाचतो. एकाच किरणाने तिन्ही कामं व्हावीत, हे मला या सगळ्या वंशातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

पण याच थराने लग्नाची वाट अडवली. साधी सीडी 70 टक्क्यांच्या वर प्रकाश परत फेकते, आरडब्ल्यू जेमतेम 15 ते 25 टक्के. घरोघरचे जुने व्हीसीडी प्लेअर तेवढ्या मंद परावर्तनावर चालत नसत. आर जातीच्या सीडीत रंगद्रव्याचा थर लेझरने कायमचा बदलतो. ती परावर्तनात साध्या सीडीच्या जवळ जाई, म्हणून प्लेअर तिला वाचत. त्यातच एकेकाळी फ्लॉपी बनवणाऱ्या मोजर बेअरने 1999 पासून आर सीडी काढायला सुरुवात केली आणि कोरी सीडी सगळीकडे स्वस्त झाली. म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती आर पडली.

आरडब्ल्यू मग शिकणाऱ्यांकडे आणि बॅकअपवाल्यांकडे गेली. सीमेपलीकडे महाराष्ट्रात पोरं एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम करत होती, इकडे भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाचं डीसीए-पीजीडीसीए. विंडोज एक्सपीत फाइल सीडीवर ओढली की ती आधी हार्डडिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत थांबे, मग ‘राइट’ म्हणायचं. एकच फाइल काढून टाकायची सोय नव्हती. पुसायची तर अख्खी सीडी. नीरोसारख्या प्रोग्रामांत दोन पर्याय असत. ‘क्विक’ पुसण्यात फक्त अनुक्रमणिका आणि सुरुवातीचा भाग जाई, बाकीचे ठिपके तसेच राहत. पूर्ण पुसायला जवळपास सीडी लिहिण्याइतका वेळ लागे, म्हणून लोक क्विकवरच समाधान मानत. घाई समजण्यासारखी आहे, पण सीडी दुसऱ्याला देताना ती घाई नको होती. डायरेक्टसीडी किंवा इनसीडी हा प्रोग्राम टाकला की आरडब्ल्यू पेन ड्राइव्हसारखी वागे, हवी ती फाइल घालता-काढता येई. त्या बदल्यात शंभराहून जास्त एमबी जागा जाई, आणि दुसऱ्या संगणकात तो प्रकार वाचण्याची सोय नसेल तर सीडी उघडतच नसे. विंडोज व्हिस्टाने 2007 मध्ये फाइल अशी घालण्या-काढण्याची सोय आत बांधून दिली, तोवर पेन ड्राइव्ह खिशात आला होता.

आर सीडीवरही भर घालता येई, सत्रांनी, म्हणजे टप्प्याटप्प्याने लिहून. पहिलं सत्र बंद करताना सुमारे 22 एमबी जात, पुढच्या प्रत्येकाला 13. नव्या सत्रात जुनी यादी उचलायची राहिली तर आधीचे फोटो दिसेनासे होत आणि घरचे म्हणत, सीडी खराब झाली. ते फोटो बहुतेकदा तिथेच असतात. आयसोबस्टरसारखा प्रोग्राम प्रत्येक सत्र वेगळं दाखवतो, त्यातून फाइली बाहेर काढता येतात. हल्लीच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, यूएसबीने जोडायचा मिळतो. आरमधलं रंगद्रव्य उन्हाने आणि वयाने फिकं पडतं, तेव्हा हे काम याच वर्षी करावं, आणि सत्रं पाहिल्याशिवाय एकही सीडी फेकू नये.