डबा, खानावळ आणि शेकडा दहा

पालेगावात राहायला आलो तेव्हा माझ्या जेवणाचा प्रश्न डब्याच्या मावशींनी सोडवला. सकाळची अंबरनाथ लोकल गाठायच्या आत चार पोळ्या-भाजी दारात हजर! परवा रविवारी महिन्याचे पैसे द्यायला गेलो, तर त्यांनी एक कागद पुढे केला. "तू कॉम्प्युटरवाला ना? हे बघ जरा." गटाचं कर्ज: 30,000 रुपये, 12 टक्के, 2,800 चे बारा हप्ते.

घरी येऊन एक्सेल उघडलं. मुद्दल दर महिन्याला फिटतंय, व्याज मात्र वर्षभर पूर्ण 30,000 वर! म्हणजे खरा दर 21 टक्क्यांच्या वर. आहे ना गंमत?

असो. छोटं कर्ज म्हटलं की आपल्याला मुहम्मद युनूस आठवतात. 1976 साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात त्यांनी 42 जणांना मिळून 27 डॉलर दिले, 2006 साली नोबेल मिळालं. पण त्याच्या एक वर्ष आधी, 1975 मध्ये, आपल्या मुंबईत प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं, हे किती जणांना माहीत असतं?

गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले गडी एकटेच राहायचे. त्यांना जेवू घालायच्या खानावळवाल्या बायका. पैसे मिळणार गिरणीचा पगार झाल्यावर, पण तांदूळ-पीठ तर आजच हवं. मग वाण्याची उधारी, नाहीतर सावकार. समजा दर महिना शेकडा दहा. हजार रुपयांवर वर्षाचं व्याज 1,200, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त! 1972 साली सरकारने गरिबांसाठी आणलेल्या बँक योजनेत व्याज होतं वर्षाला 4 टक्के, म्हणजे 40 रुपये. फरक एवढा होता.

1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तरी या बायकांना बँकेत उभं कोण करणार? तारण काय, तर भांडीकुंडी. कामगार चळवळीतून आलेल्या पुरव यांनी त्यांचे गट बांधले आणि एकमेकींना जामीन केलं. एकीने बुडवलं तर सगळ्यांची पत जाणार, म्हणून सगळ्या लक्ष ठेवायच्या. बँकेचं दार उघडलं ते असं.

पण गोष्ट इथे संपत नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, कित्येक गावी गेले. ज्यांच्यासाठी चूल पेटायची, ती माणसंच नाहीत, मग हप्ता भरणार कुठून? मंडळाने केटरिंगमध्येही हात घातला होता, म्हणजे गिरणीबाहेरचं गिऱ्हाईक शोधलं होतं. मला वाटतं खरा धडा इथे आहे. स्वस्त कर्जाने सावकार सुटतो, पण घर चालतं ते गिऱ्हाइकावर.

संध्याकाळी मावशींना आकडे दाखवले. बँकेशी जोडलेल्या बचत गटाचा दर आधी विचारा, म्हटलं. त्या म्हणाल्या, "विचारते. पण व्याजाचं सोड. गटातल्या एकीचा हप्ता चुकला तर माझ्या डब्याच्या पैशातून जाणार ना रे?"

या प्रश्नाला एक्सेलमध्ये फॉर्म्युला नाही. मी विचारलं, "मावशी, सध्या डबे किती जातात?"

"अकरा."

"आमच्या बिल्डिंगमध्ये अजून चौघं बॅचलर आहेत. त्यांना विचारतो." त्या हसल्या. कागद मात्र अजून सही न करता फ्रीजवर ठेवलाय.