वणव्यानंतरची हिरवळ : हरणांचा चारा की सापळा?

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला पसरलेल्या सातपुड्यात फेब्रुवारीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत वणव्यांचा हंगाम असतो. डोंगर जळताना तो दूरवरून दिसतो, त्याच्या बातम्या होतात आणि आग विझली की विषय संपतो. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत त्या काळ्या पडलेल्या उतारांवर काय घडते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जळालेल्या गवताच्या बुंध्यांतून हिरवे कोंब फुटतात. उन्हाळ्यात चाऱ्यासाठी वणवण करणारी हरणे तेथे येतात आणि त्यांच्या मागोमाग शिकारीही येतो. वणवा, चारा आणि शिकार या साखळीमागचे शास्त्र, तिच्याविषयीचा कायदा आणि सातपुड्यातील वास्तव यांचा हा आढावा.

सातपुड्याचा उन्हाळा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेकडील सपाटीवर तापी आणि या दोहोंच्या मध्ये सातपुड्याच्या रांगा अशी त्याची रचना आहे. अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके प्रामुख्याने डोंगराळ आहेत, तर तळोदा आणि शहादा तालुक्यांचा उत्तर भाग डोंगरपायथ्याला येतो. येथील जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग, मोह, टेंभुर्णी, चारोळी, अंजन असे वृक्ष माघ-फाल्गुनात पाने टाकू लागतात. जमिनीवर पाल्याचा थर साचतो, त्याखालचे गवत वाळून कोळ होते आणि एखादी ठिणगी संपूर्ण उतार पेटवण्यास पुरेशी ठरते. चढावर आग वेगाने वर सरकते, कारण ज्वाळांची धग वरच्या बाजूचे गवत आधीच तापवून ठेवते.

या जंगलांतील वन्यजीवांची पूर्वीची श्रीमंती आज उरलेली नाही. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारे जेम्स आउट्रम हे त्यांच्या कारभाराइतकेच वाघांच्या शिकारीसाठीही ओळखले जात. आता बिबट्या हा या भागातील प्रमुख मांसभक्षक आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस लागून असलेल्या गुजरातमधील शूलपाणेश्वर अभयारण्यात अस्वल, बिबट्या, भेकर आणि चौशिंगा यांचा अधिवास आहे. शहाद्याजवळच्या जंगलात नोव्हेंबर १९९७ मध्ये वनपिंगळा हा पक्षी तब्बल ११३ वर्षांनी पुन्हा आढळला आणि या डोंगरांकडे जगभरातील पक्षीतज्ज्ञांचे लक्ष वेधले गेले. थोडक्यात, जे उरले आहे ते थोडे असले तरी मोलाचे आहे.

जळालेल्या जमिनीवर हरणे का येतात?

बहुवर्षायू गवताचा जीव जमिनीलगतच्या बुंध्यात आणि मुळांत असतो. वरचे वाळलेले पाते जळाले तरी जमिनीत थोडीफार ओल असल्यास काही दिवसांतच नवे फुटवे येतात. वाळलेल्या गवतात काष्ठतंतू अधिक आणि प्रथिने अत्यल्प असतात. कोवळ्या फुटव्यांत प्रथिनांचे आणि पाण्याचे प्रमाण जास्त असते व ते पचायला सोपे असतात. सातपुड्यात आढळणारे रोशासारखे सुवासिक गवत जून झाल्यावर जनावरे सहसा टाळतात; त्याचे कोवळे कोंब मात्र काही काळ खाण्याजोगे असतात.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. उंच गवत नाहीसे झाल्याने उघड्यावर चरणाऱ्या कळपाला दबा धरून बसलेला बिबट्या लांबूनच दिसतो. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशातही लहान आकाराचे तृणभक्षी नुकत्याच जळालेल्या पट्ट्यांकडे ओढले जातात, असे अभ्यासकांना आढळले आहे.

म्हणूनच 'वणव्यामुळे चारा वाढतो, राख म्हणजे खत' असा समज दृढ झाला. तो अर्धाच खरा आहे. राखेतून चुना, पालाश आणि स्फुरद जमिनीला मिळते. पण नत्र आणि गंधक यांचा मोठा वाटा धुराबरोबर हवेत निघून जातो. उतारावरची राख पहिल्याच जोरदार पावसात ओढ्याला मिळते आणि आच्छादन नसलेली माती तिच्यामागून वाहून जाते. वर्षानुवर्षे त्याच उतारावर आग लागत राहिली, तर झाडांची रोपे वाढतच नाहीत आणि आगीला तोंड देणारे जाडेभरडे गवत तेवढे शिल्लक राहते. हिरवळ काही आठवड्यांची आणि हानी अनेक वर्षांची, असा हा व्यवहार आहे.

अमेरिकेतील म्यूल डिअर

वणवा आणि हरणांची शिकार यांची सांगड जगात सर्वाधिक चर्चिली जाते ती पश्चिम अमेरिकेत. खेचरासारख्या मोठ्या कानांमुळे 'म्यूल डिअर' हे नाव मिळालेले हरीण तेथे कोवळ्या झुडपांवर जगते. वणव्यानंतर पुढील काही वर्षे झुडपांना नवी फूट येते आणि ही हरणे अशा क्षेत्रांत जमतात. परवानाधारक शिकारी त्यामुळे जुन्या-नव्या जळितांचे नकाशे पाहूनच आपली जागा निवडतात. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये लागलेल्या मेंडोसिनो वणव्याच्या वेळी याच जातीच्या काळ्या शेपटीच्या उपजातीचा अभ्यास सुरू होता. आग ओसरल्यावर काही तासांतच अनेक हरणे आपल्या मूळ जागी परतल्याचे त्यात दिसून आले. चारा पुरता नष्ट झालेला असूनही ती परतली, ही बाब लक्षणीय आहे. हरीण आपला परिसर सहजासहजी सोडत नाही.

तेथील शिकार ठरलेल्या हंगामात, ठरावीक संख्येच्या परवान्यांवर चालते आणि हरणांच्या संख्येनुसार परवाने कमी-जास्त केले जातात. तरीही तेथे सर्वच वणवे लाभदायक ठरत नाहीत. सेजब्रश या झुडपावर हरणांचा हिवाळा निभावतो. ती झुडपे जळून त्या जागी परकीय वार्षिक गवत माजल्याने हिवाळी चराईची मोठी क्षेत्रे निकामी झाली आहेत. अमेरिकेचे उदाहरण देऊन आपल्याकडच्या वणव्यांचे समर्थन करणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही पाहायला हवी.

कान्हाचा धडा

आपल्या जवळचे उदाहरण सातपुड्याच्याच पूर्वेकडील मैकल रांगेत आहे. मध्य प्रदेशातील कान्हा येथे कठीण जमिनीवर राहणाऱ्या बारशिंग्यांची संख्या १९७० मध्ये अवघ्या ६६ वर आली होती. शिकार, रोगराई, वस्ती व गुरांचा दबाव अशी अनेक कारणे त्यामागे होती. त्यांतच कुरणे दरवर्षी जाळण्याच्या पद्धतीचाही समावेश होता. जळालेल्या कुरणात चारा मिळे. परंतु पाडसांना दडून राहण्यासाठी लागणारे उंच गवत उरत नसे. हरणाचे पाडस जन्मानंतरचे पहिले काही दिवस पळून जीव वाचवू शकत नाही. निश्चल पडून राहणे हाच त्याचा बचाव असतो. पुढे जाळण्यावर मर्यादा आल्या, कुंपण घालून सुरक्षित क्षेत्र राखण्यात आले, गावांचे पुनर्वसन झाले आणि बारशिंगा सावरला. चारा आणि आडोसा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात, हा कान्हाचा धडा आहे.

शिकारीच्या दोन तऱ्हा

आगीच्या साह्याने होणारी शिकार दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात आग हेच हाकाऱ्याचे काम करते. जंगलाला एका बाजूने आग लावायची आणि जीव वाचवण्यासाठी पळणारी जनावरे ज्या वाटेने निघतील तेथे फासे, वाघूर किंवा बंदूक घेऊन थांबायचे, ही जगाच्या अनेक भागांतील जुनी रीत आहे. दुसऱ्या प्रकारात आग आधी लागलेली असते. कोणी लावली याला महत्त्व नसते. हिरवळ फुटल्यावर जनावरांचे येणे ठरल्यासारखे होते, आडोसा नसल्याने ती दुरून दिसतात आणि उन्हाळ्यामुळे पाणवठेही मोजकेच उरलेले असतात. जळीत आणि पाणवठा जवळजवळ असतील, तर जनावराला सुटकेची वाट जवळपास उरत नाही. बिबट्यापासून सावध राहण्यासाठी उपयोगी पडणारी मोकळी जागाच बंदुकीसमोर घात करते.

कायदा काय सांगतो?

शिकारीचे नियमन आपल्याकडे नवे नाही. जुन्या मुंबई राज्यात १९५१ च्या वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायद्यानुसार परवाना घेऊन शिकार करता येत असे. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधने कडक केली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारही बंद झाली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तीनुसार संरक्षित प्राण्यांची विभागणी दोन अनुसूचींत करण्यात आली असून दोन्हींतील प्राण्यांच्या शिकारीस कलम ९ ने मनाई आहे. चौशिंगा, चिंकारा आणि काळवीट हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीसाठी ३ ते ७ वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. कायद्याच्या व्याख्येत केवळ मारणेच नव्हे, तर फासे लावणे, हाका घालणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हीदेखील शिकारच आहे. असे मांस विकत घेणे किंवा खाणावळीत शिजवून वाढणे हाही गुन्हा आहे. 'रानातले मटण' चवीने मागणाऱ्या शहरी ग्राहकाने हे ध्यानात ठेवावे.

आगीबाबत दोन कायदे लागू होतात. अभयारण्यात आग लावण्यास वन्यजीव कायद्याचे कलम ३० प्रतिबंध करते. राखीव वनांसाठी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ आहे. जंगलाला आग लावणे आणि नियमबाह्य शिकार करणे, फासे लावणे वा पाण्यात विष कालवणे हे गुन्हे या एकाच कलमात शेजारी शेजारी नोंदलेले आहेत. याच कलमातील एक तरतूद गावकऱ्यांसाठी फार महत्त्वाची आहे. आग हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने लावली गेली असल्यास त्या जंगलातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. काडी एकाने ओढायची आणि चराई संपूर्ण गावाची बंद व्हायची, असा त्याचा अर्थ होतो.

२००६ च्या वन हक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले. मात्र शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला आहे. त्याच वेळी कलम ५ ने वन, वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला आहे.

प्रत्येक वणव्यामागे शिकारी नसतो

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. सातपुड्यातील बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात; परंतु त्या सर्व शिकारीसाठी लावलेल्या नसतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे झाडाखाली पडतात. ती पाल्यात हरवू नयेत म्हणून खालचा पाचोळा जाळला जातो आणि ती आग पसरते. तेंदूच्या झुडपांना नवी पाने यावीत, गुरांना गवत मिळावे, शेताचा बांध साफ व्हावा, अशी इतर कारणेही असतात. टाकून दिलेली विडी किंवा सहलीतील न विझवलेली चूलही पुरते. भिल्ल व पावरा कुटुंबांच्या वर्षभराच्या मिळकतीत मोहाचा वाटा मोठा आहे. वणवा दिसताच त्यांच्याकडे शिकारी म्हणून बोट दाखवणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही. ज्यांच्या मदतीवाचून आग विझणार नाही, त्यांनाच दूर लोटण्यासारखे ते आहे.

नुकसान मात्र त्यांच्याच दारात येते. जंगलातील भक्ष्य कमी झाले की बिबट्याची नजर शेळ्या, वासरे आणि कुत्र्यांकडे वळते. तळोदा, शहादा परिसरातील उसाच्या फडांत त्याला आडोसा मिळतो आणि संघर्ष मळ्यापर्यंत येऊन पोहोचतो. हरणांची संख्या मुळात मोजकी असलेल्या जंगलात एका उन्हाळ्यात मारल्या गेलेल्या चार-दोन गाभण माद्यांची भरपाई पुढील अनेक वर्षांत होत नाही.

उपाय कोणते?

वनविभाग हंगामापूर्वी जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत आधीच नियंत्रितपणे जाळून आगीचा मार्ग तोडतो. हंगामी अग्निरक्षक नेमले जातात, तसेच पाला उडवणारी यंत्रेही वापरात आली आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना मोबाइलवर पाठवते. मात्र उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच माथ्यावरून जातो; लहान आग त्याला दिसेपर्यंत दरी ओलांडून गेलेली असू शकते.

मोहाच्या झाडाखाली पाचोळा न जाळता जाळी अंथरल्यास फुले स्वच्छ मिळतात आणि त्यांना भावही चांगला येतो. हा उपाय साधा, स्वस्त आणि लोकांच्या हिताचा आहे. त्याच्या जोडीला आणखी एका गोष्टीची गरज आहे. आग विझली की गस्त संपते. ती प्रत्यक्षात तेव्हाच सुरू व्हायला हवी. जळिताची जागा नोंदवून पुढील तीन-चार आठवडे तेथे आणि जवळच्या पाणवठ्यांवर वनरक्षक व ग्रामसभेचे लोक एकत्र फिरले, तर हिरवळीचा सापळा होणार नाही.

जंगलात हक्क असलेल्या प्रत्येकाने आगीची माहिती देणे व ती विझवण्यास मदत करणे वन अधिनियमाच्या कलम ७९ नुसार बंधनकारक आहे. इतर नागरिकांना वणवा अथवा शिकारीचा संशय कळवण्यासाठी वनविभागाचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक उपलब्ध आहे. तोरणमाळच्या वाटेवर जळालेला डोंगर दिसला, तर 'आता हिरवागार होईल' एवढ्यावर समाधान न मानता त्या हिरवळीवर कोणाचे लक्ष आहे, हा प्रश्नही विचारायला हवा.