चाकू मिटताना

घडीच्या चाकूने काही कापत असताना आपण सावध असतो. सावधपणा ढिला पडतो तो काम संपल्यावर, पाते मिटताना. या चाकूचा इतिहास पाहिला तर कारागिरांनाही हाच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागला असे दिसते.

ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. रोमन लोकही असे चाकू वापरत. त्या साध्या चाकूंत पाते केवळ खिळ्याभोवतीच्या घर्षणामुळे जागेवर राही. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनू लागलेला ‘हिगोनोकामी’ याच जातीचा. शाळकरी मुले त्याने पेन्सिलीला टोक काढत. त्याच्या पात्याला मागे एक शेपटी असते. ती अंगठ्याने दाबून धरली की पाते मिटत नाही. येथे अंगठा हाच खटका!

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मुठीच्या पाठीत स्प्रिंग आली. कार्ल एल्सेनर यांच्या १८९७ सालच्या स्विस चाकूतही तीच आहे. ही स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाब देते. मिटताना आरंभी ती विरोध करते. मात्र ठरावीक कोन ओलांडला की तीच पात्याला आत ओढते आणि पाते ‘खट्’ करून बसते. विरोधाचे साहाय्यात रूपांतर होते त्या क्षणी खोबणीत बोट असेल तर ते कापणारच. म्हणून मूठ दोन्ही बाजूंनी धरावी आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याची पाठ ढकलावी.

पण टोकाने भोक पाडताना स्प्रिंग पुरी पडत नाही. समजा, खिळ्यापासून ८ सेंटिमीटरवर, पाते मिटण्याच्या दिशेने १० न्यूटन बल लागले, आणि खटका खिळ्यापासून अर्ध्या सेंटिमीटरवर आहे. तरफेच्या नियमाने खटक्याला १६० न्यूटन बल पेलावे लागेल. यासाठी पाते पक्के अडवणारे खटके आले.

फ्रान्समधील सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवलेल्या चाकूला १९५५ साली फिरते कडे बसवण्यात आले. कड्याची फट खोबणीसमोर आणल्याशिवाय पाते मिटत नाही. अमेरिकेत बक कंपनीने १९६४ च्या सुमारास आणलेल्या चाकूत मुठीच्या पाठीवरची पट्टी दाबावी लागते. बोटे खोबणीबाहेर राहतात. पट्टी दाबताच पाते मोकळे होते, म्हणून दुसऱ्या हाताने त्याची पाठ धरून ठेवायची असते. १९८० च्या दशकात मायकेल वॉकर यांनी मुठीच्या आतील पातळ पत्र्याचा खटका सुधारला. तो एका हाताने सोडवता येतो, परंतु त्यासाठी अंगठा नेमका पात्याच्या वाटेत जातो! म्हणून पाते थोडेसे मिटवून थांबायचे, अंगठा बाहेर काढायचा आणि मगच पुरते मिटायचे.

खटका जसजसा पक्का होत गेला, तसतसे काम करताना बोट सुरक्षित झाले. पण खटका सोडवण्यासाठी बोट कोठे ठेवायचे हा नवा प्रश्न निघाला. धोका नाहीसा झाला नाही, त्याने जागा बदलली. त्यामुळे एका चाकूची सवय दुसऱ्याला चालत नाही. अनोळखी चाकू हाती आला तर आधी खटका शोधावा, आणि तो सोडवताना आपले बोट पात्याच्या वाटेत येते का ते पाहावे.

वर्गात हे समजावण्यासाठी खऱ्या चाकूची गरज नाही. जाड पुठ्ठ्याचे पाते, दोन पट्ट्यांची मूठ आणि खिळ्याऐवजी एक टाचणी पुरे. पाते फिरताना त्याची धार कोणत्या वाटेने जाते ते मुलांना पेन्सिलीने आखू द्या. बोट कोठे ठेवू नये हे त्यांना त्या रेषेवरूनच कळेल.